दुसऱ्याच्या गुलालाचा हिशेब: मोबाइलवरच्या तुलनेतून मन सावरण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

पोलीस भरतीची अंतिम निवड यादी लागली की आमच्या तालुक्यात दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात. ज्यांचे नाव यादीत असते त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, डीजे लागतो, गुलाल उधळला जातो आणि दिवेलागणीपर्यंत तो गुलाल गावातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलच्या स्टेटसवर पोहोचतो. ज्यांचे नाव नसते ती मुले त्या रात्री अभ्यासिकेत येत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अशी एक लहानशी अभ्यासिका चालवते, त्यामुळे रिकाम्या खुर्च्या मोजण्याची मला सवय झाली आहे. मागच्या यादीनंतर चार दिवस न आलेल्या एका मुलाला भेटायला मी त्याच्या वावरात गेले. धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून तो मित्राच्या मिरवणुकीचा ३० सेकंदांचा व्हिडिओ पाहत होता, संपला की पुन्हा पहिल्यापासून. "मी तं त्याच्याहून फास्ट धावत होतो नं, मॅडम," एवढेच तो म्हणाला आणि त्याने व्हिडिओ पुन्हा लावला.

तुलना आपल्या गावांत काही मोबाइलबरोबर आलेली नाही. पोळ्याच्या दिवशी कोणाची बैलजोडी उठून दिसते, कोणाच्या कपाशीला किती बोंडे लागली, कोणाच्या घरावर स्लॅब पडला, हे सगळे पूर्वीही मोजले जात होतेच. मात्र त्या मोजण्याला एक मागची बाजू होती आणि ती सगळ्यांना ठाऊक असे. कोणी नवा ट्रॅक्टर दारात उभा केला, तर त्यावर किती कर्ज आहे, विहिरीला पाणी लागल्यामुळे तो आला की दोन एकर विकल्यामुळे, याचा उलगडा दोन दिवसांत पानठेल्यावर होत असे. हेवा वाटायचा, पण त्याला मापात ठेवणारी माहिती हाताशी असायची. मोबाइलने ही मागची बाजू कापून टाकली आणि फक्त दर्शनी भाग आपल्या हातात ठेवला. पुढे दिलेल्या बहुतेक पायऱ्या ती कापलेली माहिती परत मिळवण्याच्या आहेत.

आधी यंत्र कसे चालते ते पाहावे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. स्वतःला मोजायला ठोस माप नसेल तेव्हा माणूस इतरांकडे पाहतो, आणि तेही साधारण आपल्यासारख्याच माणसांकडे पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. मुंबईतल्या नटाचा बंगला पाहून आपल्याला रात्री झोप लागत नाही असे होत नाही. बारावीला आपल्याच बाकावर बसणाऱ्या मुलाचा हिंजवडीतला फोटो मात्र झोप उडवतो.

फेसबुकवर लाइकचे बटण २००९ मध्ये आले, इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले, सप्टेंबर २०१६ पासून जिओमुळे गावोगावी इंटरनेट स्वस्त झाले, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर काही दिवसांतच त्या जागी रील्स आल्या. या ॲपना तुमचे मन वाचता येत नाही. तुम्ही कुठे किती वेळ थांबलात, काय पुन्हा पाहिले, काय दुसऱ्याला पाठवले, एवढे त्यांना मोजता येते. तुम्ही आवडीने थांबलात की जळफळाटाने, हा फरक त्या मोजणीत उतरत नाही. त्यामुळे ज्या व्हिडिओने पोटात खड्डा पडतो, त्याच प्रकारचे आणखी दहा व्हिडिओ समोर येत राहतात. निंबाखालच्या त्या मुलाला पुढचे कित्येक दिवस मिरवणुकाच दिसत होत्या, त्याचे कारण हे होते. त्याला मात्र साऱ्या महाराष्ट्रात आपण सोडून प्रत्येकाची निवड झाली असे वाटू लागले होते.

याचा मनावर किती परिणाम होतो, याविषयी टोकाची विधाने करू नयेत. सगळ्यांचे सारखेच नुकसान होते असे संशोधन सांगत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर तीन आठवडे प्रत्येकी रोज १० मिनिटांवर आणला, त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे इतरांच्या तुलनेत कमी झाली. अमेरिकेच्या सर्जन जनरल (तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख सल्लागार) यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रकात, रोज तीन तासांहून अधिक वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या किशोरवयीनांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचे नोंदवले आहे. माझा अनुभव असा की तासांपेक्षाही, त्या तासांत तुम्ही कोणाकडे आणि कशा मनःस्थितीत पाहत होता, याने अधिक फरक पडतो. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

मोबाइल बंद करण्याची प्रतिज्ञा पहिल्याच दिवशी करू नये. ती बहुधा तिसऱ्या दिवशी मोडते आणि मोडल्याची शरम वर येऊन बसते. त्याऐवजी सात दिवस मोबाइल नेहमीसारखाच वापरावा आणि शेजारी एक साधी चाळीस पानी वही ठेवावी. काही पाहून मन खाली गेले की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, काय पाहिले, शरीरात काय जाणवले, आणि त्यानंतर काय केले. भावनांची मोठी नावे शोधत बसू नये. आपल्याकडची मुले "मला न्यूनगंड येतो" असे लिहीत नाहीत, ती "छातीवर गोटा ठेवल्यासारखे झाले" असे लिहितात, आणि तेच अधिक उपयोगाचे असते.

त्या मुलाच्या वहीतली एक नोंद त्याच्या परवानगीने देते. "रात्री ११.४०. वर्गमित्राची पुण्याची स्टोरी. काचेची बिल्डिंग, गळ्यात कंपनीचे कार्ड. पोटात कसेतरी. मग रील्स. १२.५० ला ठेवला. सकाळी ग्राउंडवर गेलो नाही." एवढ्या पाच-सहा वाक्यांत सारे आहे. तुलना एका मिनिटाची होती, तिच्यावर फुंकर घालायला घेतलेल्या रील्सनी जवळजवळ सव्वा तास खाल्ला, आणि त्याची किंमत सकाळच्या धावण्याने चुकवली. मग सकाळी धावलो नाही म्हणून स्वतःविषयीचे मत आणखी उतरले आणि रात्री पुन्हा तोच खेळ झाला.

सात दिवसांनी वही उलट्या क्रमाने वाचावी आणि तीन गोष्टींखाली रेघ ओढावी: कोणती माणसे वारंवार येतात, कोणती वेळ वारंवार येते, आणि कोणता विषय वारंवार येतो. मुलांच्या वह्यांत नोकरी, गाडी, शरीरयष्टी आणि लग्न हे विषय मोठ्या संख्येने असतात. शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी द्यायला तयार नसताना मित्रांचे प्री-वेडिंगचे व्हिडिओ पाहणे किती जड जाते, हे त्या नोंदींतून कळते. मुलींच्या वह्यांत रंग, चेहरा, कपडे, आणि पुढे शिकायला मिळालेल्या मैत्रिणींचे वसतिगृहातले फोटो असतात. ज्या मुलींकडे स्वतःचा फोन नसतो आणि भावाचा किंवा आईचा फोन थोड्या वेळासाठी मिळतो, त्यांनी हीच नोंद मनाने करून दुसऱ्या दिवशी कॉलेजात लिहिली तरी चालते. घरात वही वाचली जाण्याची भीती असेल तर ती अभ्यासिकेत किंवा मैत्रिणीकडे ठेवावी.

दुसरी पायरी: मागची बाजू लिहिणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हिलाच सर्वांत जास्त टाळाटाळ होते. वहीच्या प्रत्येक नोंदीसमोर आणखी एक रकाना आखावा आणि त्यात, जे दिसले त्यामागे काय असावे असे न लिहिता, काय आहे ते माहीत करून घेऊन लिहावे. नुसत्या कल्पनेने लिहिले की मन दोनच गोष्टी रचते: एक तर समोरचा फार सुखी आहे, नाहीतर तो नक्कीच काहीतरी लपवतो आहे. दोन्ही खोट्या आणि दोन्ही कडवट.

माहिती मिळवण्याचा मार्ग जुनाच आहे, फोन लावायचा. स्टोरीला बदाम पाठवणे म्हणजे बोलणे नव्हे. मी त्या मुलाला पुण्याच्या मित्राशी बोलायला लावले तेव्हा कळले की तो पाच जणांत एक खोली घेऊन राहतो, कामाचा करार ११ महिन्यांचा आहे, आणि काचेच्या इमारतीचा फोटो त्याने रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी काढला होता, नंतर काढावासा वाटला नाही. पण त्याच बोलण्यात हेही कळले की त्याने बारावीनंतर सहा महिन्यांचा एक कोर्स खरोखर मन लावून केला होता आणि तिथूनच त्याला काम मिळाले. मागच्या बाजूला दुःखच निघाले पाहिजे असे नाही. कधी मेहनत निघते, आणि तिच्यातून आपल्याला काहीतरी घेता येते. कधी वडिलांची सरकारी नोकरी आणि नागपूरचे महागडे क्लास निघतात, आणि मग निदान एवढे कळते की दोघे एका रेषेवरून धावायला सुटलो नव्हतो. ज्या वर्षी सोयाबीन पावसात गेले त्या वर्षी फी न भरता आलेल्या मुलाने स्वतःला आळशी ठरवण्याची गरज नाही.

ज्यांना फोन लावता येत नाही असे अनोळखी लोक, म्हणजे गाड्या दाखवणारे, शरीर दाखवणारे, "२१ व्या वर्षी लखपती" असे सांगणारे, त्यांच्यासमोरच्या रकान्यात एकच प्रश्न लिहावा: हा व्हिडिओ मी पाहिल्याने याला काय मिळते? जाहिरात, कोर्सची विक्री, फॉलोअर, यांपैकी काहीतरी उत्तर जवळपास प्रत्येक वेळी निघते. चेहऱ्याच्या बाबतीत मी मुलींना एक प्रयोग करायला सांगते. एकाच उजेडात स्वतःचे दोन फोटो काढायचे, एक साध्या कॅमेऱ्याने आणि एक फिल्टर लावून, आणि दोन्ही शेजारी ठेवून फिल्टरने नेमके काय काय बदलले याची यादी करायची. रंग उजळ, नाक बारीक, डोळे मोठे, त्वचेवरची खूण गायब. एका मुलीने यादी संपवून विचारले, "मॅडम, मंग मी उरली कुठं?" त्यानंतर मला वेगळे काही समजावावे लागले नाही.

तिसरी पायरी: फीडचे निंदण

पीक वाचवायचे तर तण हाताने उपटावे लागते. ॲप उघडले की आपोआप समोर येत राहणाऱ्या मजकुराचे, म्हणजे फीडचे, तसेच आहे. हे काम एका बैठकीत, अर्ध्या तासात होते. वहीत रेघ ओढलेल्या ओळखीच्या माणसांना अनफॉलो करून नाती बिघडवण्याची गरज नाही; त्यांना म्यूट करावे. इन्स्टाग्रामवर त्या व्यक्तीच्या पोस्ट आणि स्टोरी वेगवेगळ्या म्यूट करता येतात, व्हॉट्सॲपवर स्टेटसवर बोट दाबून धरले की म्यूटचा पर्याय येतो, आणि दोन्ही ठिकाणी समोरच्याला ते कळवले जात नाही. अनोळखी खात्यांना मात्र सरळ अनफॉलो करावे. मन खाली नेणाऱ्या रीलवर "नॉट इंटरेस्टेड" दाबावे आणि तत्काळ पुढे सरकावे. फीड फारच बिघडले असेल तर इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करण्याची सोय आहे. लाइकचे आकडे न दिसण्याची सोय २०२१ पासून आहे, तीही चालू करावी.

चौथी पायरी: वेळ आणि जागा

बहुतेक वह्यांत धोक्याची वेळ रात्री दहानंतरची निघते. किशोरवयात साधारण आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेचारला ग्राउंडवर जाणारा मुलगा रात्री एकपर्यंत जागा असेल तर त्याची चिडचिड आणि उदासी यांतला किती भाग तुलनेचा आणि किती भाग निव्वळ अपुऱ्या झोपेचा, हे वेगळे काढताच येत नाही. म्हणून चार्जर अंथरुणाजवळून उचलून ओसरीत किंवा देवघराशेजारी न्यावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "डिजिटल वेलबीइंग" असते. तिथे प्रत्येक ॲपला रोजची मिनिटे ठरवून देता येतात आणि ती संपली की ते ॲप त्या दिवसापुरते बंद होते. सुरुवात आजच्या वापराच्या निम्म्याने करावी, थेट १० मिनिटांवर उडी मारू नये.

यासंदर्भात दोन गावांची उदाहरणे मुद्दाम सांगते. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. मला पहिला मार्ग अधिक पटतो, कारण त्यात मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो. ज्या गावांत सामुदायिक प्रार्थनेची पद्धत अजून टिकून आहे, तिथे अशी वेळ ठरवणे फार अवघड जाऊ नये.

पाचवी पायरी: स्वतःचे माप

फेस्टिंगर यांच्या म्हणण्यातच एक उपाय दडलेला आहे: ठोस माप हाताशी असेल तर दुसऱ्याकडे पाहण्याची गरज कमी होते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावण्याचे पूर्ण २० गुण ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर कापल्यास मिळतात. हे माप मित्राच्या गुलालावर अवलंबून नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी वेळ लावून धावायचे आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा. तुलना करायचीच, पण मागच्या महिन्यातल्या स्वतःशी. अभ्यासासाठी सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचे गुण, शेतीसाठी एकरी खर्च आणि एकरी उतारा, शिवणकाम शिकणाऱ्या मुलीसाठी एका ब्लाउजला लागलेले तास, असे माप प्रत्येकाला शोधता येते. ते आकड्यात असावे आणि शक्यतो स्वतःच्या हातात असावे. पाऊस किती पडला यावर अवलंबून असलेले माप निवडू नये.

घरच्यांसाठी

मोबाइल मुलांची तुलना करतो अशी तक्रार घेऊन येणारे आईवडील त्याच दिवशी जेवताना "शेजारच्या पोट्ट्याकडे पाय जरा" असे म्हणत असतात. हे आधी थांबवावे. फोन हिसकावून घेणे, तो फोडण्याची धमकी देणे, पाहुण्यांसमोर "हा दिवसभर त्यातच असते" असे म्हणणे, यांनी मूल फोन सोडत नाही, बोलणे सोडते. त्याऐवजी काम करताना, समोरासमोर न बसता विचारावे. कापूस वेचताना, कोठ्यात ढोरांना चारा टाकताना, गाडीवरून तालुक्याला जाताना मुले जास्त बोलतात. प्रश्न साधा असावा: "आज काय पाहिलं मोबाइलवर, ज्यानं तुले वाईट वाटलं?" आणि उत्तर आल्यावर किमान पाच मिनिटे उपदेश करू नये. १३ ते १७ वयाच्या मुलांचे इन्स्टाग्राम खाते असेल तर ते खऱ्या जन्मतारखेने असल्याची खात्री करावी, कारण त्या वयासाठीच्या खात्यांत रात्री सूचना बंद राहण्यासारखी संरक्षणे आपोआप लागू होतात. वय वाढवून सांगितले की ती मिळत नाहीत.

तुलनेच्या पलीकडे गेले असेल तर

वर सांगितलेले सर्व उपाय दुखावलेल्या मनासाठी आहेत, आजारी मनासाठी पुरेसे नाहीत. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, सतत थकवा असेल, लक्ष लागत नसेल, आपण कोणाच्या कामाचे नाही असे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे ते पुष्कळदा डोकेदुखी, धडधड, हातपाय गळणे अशा तक्रारींच्या रूपात डॉक्टरांसमोर येते आणि सलाइन लावून परत पाठवले जाते. म्हणून डॉक्टरांना मनातलेही सांगावे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर मोफत तपासणी आणि औषधे मिळतात, आणि नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मनोविकारतज्ज्ञ म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर नागपूरचा "पागलखाना" उभा राहतो. प्रत्यक्षात बहुतेकांना बाह्यरुग्ण विभागात तपासून त्याच दिवशी घरी पाठवतात. गावपातळीवर हे काम होऊ शकते याचा पुरावाही आपल्याच भागात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या विश्राम प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

मुलगा किंवा मुलगी "आता जगण्यात अर्थ नाही", "मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल" असे बोलू लागली, आवडत्या वस्तू वाटू लागली, तर थेट विचारावे: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी ऐकायला तयार आहे हे कळते. त्यानंतर त्या मुलाला किंवा मुलीला एकटे सोडू नये, १४४१६ ला फोन लावावा, धोका समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. फवारणीची औषधे घरात किंवा कोठ्यात उघडी ठेवू नयेत. कुलपाच्या पेटीत ठेवावीत आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी. हे काम संकटाची वाट न पाहता, हंगामाच्या सुरुवातीलाच करून टाकावे. हा क्षण बहुतेकदा ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंत मधे कुलूप असले तर जीव वाचतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

निकालाच्या दिवसाची तयारी

तीन आठवड्यांनी पुन्हा सात दिवस वही लिहावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. नोंदींची संख्या फारशी घटली नसली तरी एका नोंदीमागे वाया गेलेला वेळ घटला असेल, तर उपाय लागू पडत आहे. त्या मुलाचा सव्वा तास वीस मिनिटांवर आला होता. पुण्याचा मित्र अजून म्यूट आहे, पण रविवारी दोघे फोनवर बोलतात.

काही दिवस मात्र आधीच ठाऊक असतात: यादी लागण्याचा, बारावीच्या निकालाचा, लग्नसराईचा. अशा दिवशी कोणते ॲप उघडायचे नाही, संध्याकाळी कोणासोबत राहायचे आणि पहिला फोन कोणाला करायचा, हे आदल्या आठवड्यात वहीत लिहून ठेवावे. माझ्याकडूनही एक चूक होत होती. यादीच्या दिवशी मुले येत नाहीत म्हणून मी अभ्यासिका लवकर बंद करून घरी जात असे. आता त्या दिवशी ती रात्री दहापर्यंत उघडी असते, दारातच मोबाइल ठेवायला एक टोपले असते आणि गॅसवर चहा असतो. मागच्या वेळी सात जण आले होते. त्यांतल्या दोघांच्या शर्टावर गुलाल होता.